दिव्यांग विद्यार्थ्यांचे उच्च शिक्षण आणि पैशांची सोय : सातारा जिल्ह्यातील विद्यार्थी-पालकांचे नेहमीचे प्रश्न

बारावीनंतर कॉलेजला जाणाऱ्या दिव्यांग मुलामुलींसाठी केंद्राच्या, राज्याच्या आणि थेट ग्रामपंचायतीच्या पातळीवरही पैशांची तरतूद आहे. ती हातात पडत नाही याचे कारण फार कमी वेळा अपात्रता असते. बहुतेक वेळा कागदांवरची नावे जुळत नाहीत, योजना चुकीची निवडलेली असते, नाहीतर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतो. म्हणून पुढे योजनांइतकीच या तीन गोष्टींबद्दल माहिती दिली आहे.

सुरुवात कधी करायची? निकाल लागल्यावर चालेल का?

नाही. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा संपली की लगेच सुरू करा. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतरच भरता येतो, पण त्याला लागणारे कागद त्याआधी तयार हवेत. वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, आधार, आधारशी जोडलेले बँक खाते, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशन कार्ड एवढे जवळ असले की निम्मे काम झाले. जून-जुलैत सेतू आणि महा ई-सेवा केंद्रांवर सगळ्याच प्रवेशांची गर्दी असते, आणि माण-खटावच्या एखाद्या गावातून त्याच दाखल्यासाठी दहिवडी नाहीतर वडूजला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालावे लागतात.

जुना अपंगत्वाचा दाखला आहे. तो चालणार नाही का?

तो फेकू नका, पण त्याच्या भरवशावर राहूही नका. आता जवळपास प्रत्येक अर्जात यूडीआयडी क्रमांक मागितला जातो. कार्ड नसेल तर स्वावलंबन संकेतस्थळावर नोंदणी करा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार आणि जुना दाखला स्कॅन करून जोडायचा असतो. नंतर तपासणीसाठी रुग्णालयात जावे लागते. साताऱ्यात हे काम क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात, म्हणजे सिव्हिलमध्ये होते. अस्थिव्यंग, नेत्र, कान-नाक-घसा आणि मानसिक आरोग्य हे विभाग वेगळे असतात आणि त्यांचे तपासणीचे दिवसही वेगळे असतात. निघण्याआधी आपल्या प्रकाराचा वार विचारून घ्या.

दाखल्यावर एक ओळ नीट वाचा : दिव्यांगत्व कायमस्वरूपी आहे की तात्पुरते. तात्पुरत्या दाखल्याला मुदत असते. मुदत पदवीच्या मधल्या वर्षी संपली तर त्या वर्षीचे शिष्यवृत्तीचे नूतनीकरण अडते, आणि तोवर पुन्हा तपासणी करून नवे कार्ड येईपर्यंत अर्जाची तारीख उलटून जाते. मुदत पुढच्या जूनच्या आसपास संपत असेल तर यंदाच फेरतपासणीला जा. कार्डाचा रंगही टक्केवारी सांगतो. ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० पासून ८० च्या आत पिवळा आणि ८० किंवा त्याच्या वर निळा.

दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी आहे. काहीच मिळणार नाही?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण आरक्षण आणि शिष्यवृत्त्या ४० टक्के किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांसाठी आहेत. कमी टक्केवारी असेल तर जातीच्या किंवा आर्थिकदृष्ट्या मागास घटकांच्या योजना पाहाव्यात. टक्केवारी चुकीची लागली असे वाटत असेल तर कायद्याने अपील करता येते. मागचे सगळे वैद्यकीय कागद जोडून ते लेखी करा. लिहिण्यात खरोखर अडचण असेल तर ४० टक्क्यांखालीही परीक्षेत लेखनिक, म्हणजे पेपर लिहून देणारा मदतनीस, मिळू शकतो. त्याच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना ऑगस्ट २०२२ मध्ये आल्या.

मुख्य शिष्यवृत्त्या कोणत्या?

आपल्याकडच्या बहुतेक मुलांच्या कामाच्या तीन.

पहिली, केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत लागू. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, म्हणजे एनएसपीवर. पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५० लाखांच्या आत हवे. वसतिगृहात राहणाऱ्याला दरमहा निर्वाह भत्ता अभियांत्रिकी-वैद्यकीयसारख्या पहिल्या गटात १,६०० रुपये आणि बीए, बीकॉम, बीएस्सीच्या तिसऱ्या गटात ९५० रुपये. घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्याला हेच आकडे ७५० आणि ६५०. शिवाय वर्षाला पुस्तकांसाठी १,५०० आणि दिव्यांगत्व भत्ता : दृष्टिदोष किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर ४,०००, इतरांना २,०००. परत न मिळणारे शुल्क वर्षाला दीड लाखापर्यंत भरून मिळते. एकाच पालकांच्या दोनपेक्षा जास्त दिव्यांग मुलांना ती मिळत नाही. देशभरातल्या जागा १७,००० आहेत, त्यामुळे पात्र असूनही निवड होईलच असे नाही. गुण महत्त्वाचे ठरतात.

दुसरी, राज्याची दिव्यांग मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. निर्वाह भत्ता, सक्तीची शुल्के, अंध विद्यार्थ्यांना वाचक भत्ता, अभ्यास दौरा आणि प्रकल्प टंकलेखनाची रक्कम असे तिचे भाग आहेत. या योजनेत उत्पन्नाची मर्यादा नाही, त्यामुळे नोकरदार पालकांच्या मुलांनीही ती सोडू नये.

तिसरी, सक्षम. एआयसीटीई म्हणजे तांत्रिक शिक्षणाची राष्ट्रीय परिषद, तिची मान्यता असलेल्या संस्थेत तांत्रिक पदवी किंवा पदविका करणाऱ्यांसाठी. वर्षाला सरसकट ५० हजार रुपये, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत चालते. पदविकेसाठी जास्तीत जास्त तीन आणि पदवीसाठी चार वर्षे. अर्ज पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला असेल तर त्याच वर्षी भरायचा. कराडच्या किंवा साताऱ्याच्या पॉलिटेक्निकमध्ये जाणाऱ्या कितीतरी मुलांना हिचे नावही माहीत नसते.

तिन्हींचे अर्ज भरले तर?

एकाच कारणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेता येत नाहीत. दोन्हीकडे मंजुरी आली तर एक सोडावी लागते, आणि लपवली तर रक्कम परत मागितली जाते. म्हणून अर्जाआधी कागदावर बेरीज करा.

समजा कराडला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा, कमी ऐकू येणारा विद्यार्थी आहे आणि घरचे उत्पन्न दोन लाख आहे. कॉलेजचे शुल्क २५ हजार असेल तर केंद्राच्या मॅट्रिकोत्तरमध्ये शुल्काचे २५,०००, निर्वाह भत्ता दहा महिने धरला तर १६,०००, पुस्तके आणि दिव्यांगत्व भत्ता मिळून ३,५००. एकूण ४४,५००. इथे सक्षमचे ५० हजार सरस. तोच विद्यार्थी एक लाख शुल्काच्या खासगी कॉलेजात असेल तर मॅट्रिकोत्तरची बेरीज १,१९,५०० होते आणि सक्षम मागे पडते. शुल्क कमी तिथे सरसकट रक्कम बरी, शुल्क जास्त तिथे प्रतिपूर्ती, म्हणजे शुल्क भरून देणारी योजना, बरी. सगळा हिशेब इथेच येऊन थांबतो, आणि सायबर कॅफेत जी योजना आधी दिसली ती भरून टाकल्याने पोरांचे दरवर्षी हजारो रुपये जातात.

विद्यार्थी अनुसूचित जातीचा आहे. जातीची शिष्यवृत्ती घ्यावी की दिव्यांगांची?

हा निर्णय घाईने घेऊ नका. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर योजनेत पदवीच्या साध्या अभ्यासक्रमाला, घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ३,००० शैक्षणिक भत्ता आहे आणि दिव्यांग असल्यास त्यावर १० टक्के जास्त, म्हणजे ३,३००. शुल्क वेगळे. तोच विद्यार्थी अंध असून केंद्राच्या दिव्यांग योजनेत निवडला गेला तर दहा महिन्यांचे ६,५००, पुस्तकांचे १,५०० आणि ४,००० मिळून १२,००० होतात. मात्र जातीच्या योजनेत जागांची मर्यादा नाही. पात्र असाल तर ती मिळतेच. दिव्यांग योजनेत निवड व्हावी लागते. बारावीला चांगले गुण असतील तर दिव्यांग योजनेचा विचार करा. काठावर असाल तर खात्रीची योजना हातची सोडू नका.

गाव सोडून साताऱ्यात खोली करून राहणाऱ्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३ हजारांपर्यंत मदत मिळते. दिव्यांगांना त्यात राखीव जागा आहेत आणि गुणांची अट ४० टक्क्यांवर आणलेली आहे. शहरातलाच रहिवासी असेल तर लाभ नाही.

मुलगी आहे. तिला वेगळे काही?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. शुल्क असे माफ होणार असेल तर वरची बेरीज बदलते. प्रतिपूर्तीला अर्थ उरत नाही, भत्ता कुठे जास्त ते पाहायचे. मुलींना बीएला घालायचे कारण म्हणून घराघरांत अजून शुल्क पुढे केले जाते. तेवढ्यासाठी तरी हा निर्णय पालकांना दाखवा.

एनएसपीचा अर्ज भरताना नेमके काय चुकते?

आधी ओटीआर म्हणजे एकदाच करायची नोंदणी असते. त्यात मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी करावी लागते. नीट दिसत नसलेल्या किंवा डोळे मिचकावता न येणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे त्रास होतो. उजेड समोरून येईल अशा जागी, मदतीला कोणी धरून, शांतपणे करा.

मग नाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि यूडीआयडीवर वडिलांचे नावच नाही, हे आपल्याकडे नेहमीचे आहे. क्रमातला फरक बऱ्याचदा चालून जातो, स्पेलिंगमधला चालत नाही. आधार दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे करून घ्या, मग यूडीआयडी आधारप्रमाणे. उलट केले तर दोनदा दुरुस्ती करावी लागते.

तिसरी चूक शुल्काच्या रकान्यांत. प्रवेश शुल्क, शिक्षण शुल्क आणि इतर शुल्क वेगवेगळे भरायचे असते. कॉलेजची पावती एकाच रकमेची असेल तर कार्यालयातून बाबनिहाय पावती मागून घ्या. अनामत रकमेसारखे परत मिळणारे पैसे त्यात धरू नका, अर्ज त्रुटीत जातो.

आणि कॉलेज निवडताना नाव सारखे दिसते म्हणून भलतेच निवडले जाते. आता शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आणि साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ ही वेगळी आहेत. कॉलेजचा एआयएसएचई क्रमांक, म्हणजे उच्च शिक्षण सर्वेक्षणातला त्याचा ओळख क्रमांक, कार्यालयातून लिहून घ्या आणि त्यावरूनच शोधा.

अर्ज भरला, पण 'पेंडिंग अ‍ॅट इन्स्टिट्यूट' दिसते.

म्हणजे तो कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने, म्हणजे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणाऱ्याने, अजून तपासलेला नाही. विद्यार्थ्याची मुदत आणि कॉलेजची पडताळणीची मुदत या दोन वेगळ्या तारखा असतात. दुसरी उलटली की चांगला अर्जही वाया जातो. अर्ज भरला त्याच आठवड्यात त्याची प्रिंट आणि कागदांच्या झेरॉक्स कॉलेजात देऊन पोहोच घ्या. पोहोच म्हणजे तुमच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही. तोंडी 'ठेवा इथे' याला नंतर काही किंमत राहत नाही. महाडीबीटीत हाच प्रवास लिपिक, प्राचार्य आणि मग जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग असा होतो. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला तर त्याचा एसएमएस नोंदवलेल्या नंबरवर येतो. तो नंबर कॅफेवाल्याचा नसावा.

मंजूर झाले, पण खात्यात पैसे नाहीत.

बँकेत विचारले की 'आधार लिंक आहे' असे उत्तर मिळते. ते खरेही असते, पण पुरेसे नसते. खात्याला केवायसीसाठी आधार जोडणे वेगळे आणि सरकारी पैसे कुठल्या खात्यात जायचे याची नोंद वेगळी. दुसरीला आधार सीडिंग म्हणतात आणि ती एका वेळी एकाच बँकेत असते. मायआधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथे बँकेचे नाव आणि स्थिती दिसते. अनेकदा तिथे कधीतरी उघडलेले आणि विसरलेले दुसरेच खाते निघते. कुठल्यातरी योजनेसाठी पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत खाते काढले की सीडिंग तिकडे सरकते. पैसे गेलेले असतात, फक्त त्या पासबुकात कोणी पाहिलेले नसते.

दुसरे कारण खात्याची मर्यादा. काही जनधन खाती 'स्मॉल अकाउंट' प्रकारची असतात. त्यांत वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. अभियांत्रिकीच्या शुल्काची रक्कम आली तर ती परत फिरते. पूर्ण केवायसी देऊन खाते साधे बचत खाते करून घ्या.

कॉलेज आधी पूर्ण शुल्क मागते. शिष्यवृत्ती तर वर्षअखेर येते.

ही सर्वात मोठी अडचण आहे आणि तिला सरळ उत्तर नाही. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, सोबत यूडीआयडी आणि भरलेल्या शिष्यवृत्ती अर्जाची प्रत जोडा, आणि हप्ते मागा. बहुतेक ठिकाणी मिळतात. सावकारी कर्ज काढू नका. शैक्षणिक कर्ज लागलेच तर पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवर आपली संस्था आहे का ते पाहा. निवडक संस्थांमध्ये तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात तीन टक्के सवलत आहे. महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडेही विचारणा करावी.

प्रवेशात आरक्षण किती?

शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा आणि वयात पाच वर्षांची सवलत. विनाअनुदानित संस्थांना हे कलम तसेच लागू होत नाही. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत दिव्यांगत्वाच्या प्रकाराचा रकाना नोंदणीच्या वेळीच भरायचा असतो. गुणवत्ता यादी लागल्यावर तो बदलून मिळत नाही.

लॅपटॉप, श्रवणयंत्र, स्क्रीन रीडर यांसाठी पैसे कुठून?

ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांना स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. हा निधी न मागितल्यामुळेच बऱ्याच गावांत पडून राहतो, किंवा दिवाळीला सगळ्यांना सारखे थोडे-थोडे वाटून संपतो. ग्रामपंचायतीकडे नेमकी मागणी करा : वस्तू, तिचे कोटेशन, अभ्यासक्रम आणि यूडीआयडीची प्रत. ग्रामसभेआधी अर्ज द्या आणि तो विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. छोट्या वाडीची ग्रामपंचायत पूर्ण लॅपटॉप देऊ शकणार नाही. तिच्याकडून काही आणि पंचायत समितीकडून काही असे जमवावे लागते. सहाय्यक साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून अ‍ॅलिम्को या सरकारी कंपनीमार्फत तपासणी शिबिरे होतात. तिथे नोंदणी झाली की साहित्य पुढच्या वाटपात मिळते. अंध विद्यार्थ्यांसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

रोज एसटीने जायचे आहे.

४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला साध्या एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्के किंवा अधिक असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के. कार्डाची मूळ प्रत बरोबर हवी. रेल्वेची सवलत ठरावीक प्रकारांनाच आहे आणि त्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र ओळखपत्र काढावे लागते.

संजय गांधी निराधार योजनेचे पैसे चालू आहेत. शिष्यवृत्ती बंद होईल का?

ती निर्वाहासाठीची वेगळी मदत आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला अडचण नाही. १८ वर्षे पूर्ण झाली असतील, कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत असेल आणि अजून अर्ज केला नसेल तर तहसील कार्यालयात करा. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झाली आहे. फक्त उत्पन्नाचा आकडा सगळीकडे एकच असू द्या. एका अर्जात ४५ हजार आणि दुसऱ्यात एक लाख दिसले तर दोन्ही अडचणीत येतात.

नापास झालो तर?

नूतनीकरणासाठी पुढच्या वर्गात जाणे आवश्यक असते. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात गेलात तर गुणपत्रक जोडून अर्ज करा. वर्ष राहिले तर त्या वर्षाचे पैसे धरू नका. म्हणूनच लेखनिक आणि जादा वेळ, दर तासाला २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, हे हक्काने मागा. अर्ज परीक्षा फॉर्मबरोबरच द्या, परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ करून सोय लागत नाही. आणि नूतनीकरण दरवर्षी स्वतः करायचे असते, ते आपोआप होत नाही.

आयआयटी, पीएचडी किंवा परदेश?

अधिसूचित नामांकित संस्थांसाठी केंद्राची टॉप क्लास योजना आहे. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, शुल्क वर्षाला दोन लाखांपर्यंत, दरवर्षी ३०० जागा. पीएचडीसाठी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या वर्षाला २० जागा असून वय ३५ च्या आत लागते.

कोणीच दाद देत नाही. तक्रार कुठे?

आधी कॉलेजच्या प्राचार्यांना लेखी, मग जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला, त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. प्रत्येक अर्जावर मागच्या अर्जाची तारीख आणि पोहोच जोडा. एनएसपीवर आणि महाडीबीटीवर ऑनलाइन तक्रारीची सोय आहे, तिचा क्रमांक लिहून ठेवा. अर्ज नेमका कुठे आणि कोणत्या तारखेपासून थांबला आहे हे माहिती अधिकारात विचारता येते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेला एक कागद पुरतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रश्न मोघम नको. 'माझ्या शिष्यवृत्तीचे काय झाले' असे न लिहिता 'अर्ज क्रमांक अमुक हा आपल्या लॉगिनला कोणत्या तारखेला आला आणि त्यावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली' असे विचारा.